तीन डिसेंबरची चौथी गोष्ट

वत्सलाताई,

आज रविवार होता आणि तारीख तीन डिसेंबर होती. या वर्षी या दोन्ही गोष्टी एकत्र येणार हे आपण उन्हाळ्यातच कॅलेंडरची पाने उलटून पाहून ठेवले होते. "बरं झालं," तुम्ही म्हणाला होतात, "केतकीला तिची तारीख तिच्याच दिवशी देता येईल." ते काम तुमचे होते. आज ते मला करावे लागले. ते कसे झाले हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, आणि सांगायला दुसरे कोणी नाही. तुम्ही ऐकणार नाही हे समजण्याइतका मी शिकलेला आहे. त्या शिक्षणाचा आज काही उपयोग होत नाही.

खोली तशीच होती. तळमजल्यावरची, विजेच्या मीटरांशेजारची, टेबल-टेनिसच्या टेबलाने अर्धी अडवलेली. फळा त्या टेबलावर भिंतीला टेकवून ठेवायचा आणि खाली सतरंजी पसरायची, हे मुलांनीच केले. मुले थोडी होती. कोणी नॉयडात नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेले, कोणाचा रविवार सकाळचा कॉम्प्युटरचा क्लास सुरू झाला. दिल्लीतल्या मयूर विहारच्या या सोसायटीतली मराठी घरे तुम्ही दारोदार फिरून गोळा केली होती. तुम्ही अंथरुणाला खिळल्यापासून ती आपसूक सुटत चालली आहेत. जी मुले आली ती फळ्याकडे न बघता माझ्याकडे बघत होती. फळ्यावर तारीख लिहिलेली नव्हती. ती नेहमी तुम्ही लिहीत होतात, मोठ्या अक्षरांत, आणि खडू मोडला तर त्याच्यावर रागावत होतात.

तुमच्या या रविवारच्या मराठी वर्गात मी आलो तोच मुळी चोरपावलांनी. सोसायटीच्या नोटीस बोर्डावर तुम्ही रोजचा दिनविशेष लावत होतात. त्यातला एक सन मला चुकीचा वाटला. आईच्या मृत्यूनंतर मी कोणाशी फारसे बोलत नव्हतो, आणि त्याआधीही फार बोलत होतो असे नाही. मी वाचनालयात जाऊन दोन ग्रंथांत तो सन ताडून पाहिला, एका कागदावर संदर्भांसह लिहिला आणि तुमच्या दाराखालून आत सरकवला. संध्याकाळी तुम्ही माझ्या दारात उभ्या.

"ही चिठ्ठी तुम्ही टाकलीत?"

"हो. म्हणजे, क्षमा करा, माझा हेतू..."

"हेतू राहू द्या. समोर येऊन का नाही सांगितलंत? मी चावते का?"

मी पन्नाशी ओलांडली होती. इतिहासात एम. ए. केल्याला अर्धे आयुष्य लोटले होते, आणि मंत्रालयातल्या फायलींखेरीज त्या पदवीने मी काही केले नव्हते. तुम्ही आत आलात, माझी पुस्तकांची कपाटे पाहिलीत आणि माझा होकार न विचारता कामाची वाटणी करून टाकलीत. शनिवारी दुपारी वाचनालयातून तारखा मी आणायच्या, रविवारी सकाळी मुलांना त्या तुम्ही सांगायच्या. "तुम्ही आणा, मी वाढते," असे तुम्ही म्हणालात. स्वयंपाकघरातल्यासारखे.

आपल्या वर्गात वाढदिवसाला भेटवस्तू देत नसत, तारीख देत असत. ज्याचा वाढदिवस त्या आठवड्यात असेल त्याने स्टुलावर बसायचे. त्याच्या तारखेला जगात काय काय घडले ते तुम्ही सांगायचे, आणि त्याने ते घरी जाऊन कोणाला तरी मराठीतूनच सांगायचे. एकाने ते सांगलीच्या आजीला एसटीडी बूथवरून सांगितले होते, आणि आजी शेवटी म्हणाली होती, "ते ठीक, पण तू जेवलास का?" तुम्ही ते सगळ्या वर्गाला दोनदा ऐकवलेत.

केतकीला तिची तारीख तुम्ही प्रथम दिलीत ती सकाळ मला अगदी स्पष्ट आठवते. ती माझ्या वरच्या मजल्यावरची. स्टुलावर बसली तेव्हा तिचे पाय जमिनीला पोहोचत नव्हते. तुम्ही तीन गोष्टी सांगितल्यात. पहिली, त्या दिवशी बिहारमधल्या एका खेड्यात एक मुलगा जन्मला आणि पुढे तो स्वतंत्र भारताचा पहिला राष्ट्रपती झाला. दुसरी, त्या दिवशी आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला एका शहरात डॉक्टरांनी एका माणसाचे हृदय काढून त्या जागी दुसऱ्या माणसाचे बसवले. असे जगात प्रथमच घडत होते. तिसरी, एकाहत्तर सालच्या त्या संध्याकाळी पाकिस्तानची विमाने आपल्या विमानतळांवर आली आणि युद्ध सुरू झाले. त्या युद्धात तुम्ही सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवले होते, आणि त्यासाठी केलेली खळ तुमच्या धाकट्या दिराने खीर समजून चाखली होती. मुलांना युद्धापेक्षा ती खळच जास्त आवडली.

हृदयाच्या गोष्टीवर मात्र मुलांनी तुम्हाला सोडले नाही.

"मग त्याला त्याची मम्मी आठवायची, की ज्याचं हार्ट होतं त्याची?" निनादने विचारले.

"आठवण डोक्यात असते. हृदय नुसता पंप आहे. आपल्या सोसायटीचा पाण्याचा आहे ना, तसा."

"आणि लाइट गेली तर?"

"आपल्या पंपाचं काय होतं?"

"बंद पडतो. मग पापा शर्माजींना फोन करतात."

"त्याला शर्माजी नव्हते, एवढाच फरक."

मी मागे मीटरांजवळ बसून हसू दाबत होतो. मग केतकीने विचारले, तो माणूस पुढे किती जगला. मी मनात म्हटले, ताई आता विषय बदलतील. तुम्ही बदलला नाहीत. "थोडेच दिवस," तुम्ही म्हणालात. "पण त्यातले काही दिवस तो पलंगावर बसून लोकांशी बोलला. आणि ज्या मुलीचं हृदय होतं ती रस्ता ओलांडताना मोटारीखाली गेली होती. तिच्या वडिलांना विचारलं, तेव्हा ते हो म्हणाले."

त्या दिवशी दुधाच्या बूथकडे जाताना आपला वाद सुरू झाला. तो आजपर्यंत संपलेला नाही. मी म्हणालो, तुम्ही इतके सांगायला नको होते. तुम्ही म्हणालात, उलट फारच कमी सांगितले गेले, कारण तीन डिसेंबरला चौथी गोष्टही आहे आणि ती मी तुम्हाला चिठ्ठीवर लिहूनच दिली नव्हती. ती मी मुद्दामच लिहिली नव्हती. केतकी ज्या पहाटे दिल्लीत जन्मली त्याच रात्री भोपाळमध्ये कारखान्यातून विषारी वायू सुटला होता. तीच तारीख, तेच वर्ष, फार तर काही तासांचे अंतर.

"मुलाला आपण तारीख भेट म्हणून देतो," मी म्हणालो. "भेटीत हे घालू नये."

"दर वर्षी तिच्या वाढदिवसाला पेपरात ते फोटो येणार. ती वाचायला लागली आहे, कारखानीस. आपण लपवलं, हे तिला आपल्यामागे कळलेलं चालेल तुम्हाला?"

"ज्या मुलीचं हृदय होतं ती केक घेऊन रस्ता ओलांडत होती, हे मी तुम्हाला लिहून दिलं होतं. तुम्ही तेही सांगितलं नाहीत."

तुम्ही थांबलात. दुधाची किटली दुसऱ्या हातात घेतलीत.

"केक वगळला," तुम्ही म्हणालात. "मुलगी नाही वगळली."

या वाक्याचे उत्तर मी अजून शोधतो आहे. त्यानंतर आपण हा वाद जिन्यात केला, रेशनच्या रांगेत केला, चार्टर्ड बसच्या थांब्यावर माझी बस येईपर्यंत केला. माझे सगळे मुद्दे रास्त होते असे मला आजही वाटते. शेवटी तुम्ही केतकीलाच सांगून टाकलेत की तुझ्या तारखेत एक चौथी गोष्ट आहे, ती अकरावा वाढदिवस आला की देईन. मी विचारले, अकराच का?

"दहा म्हणजे लवकर होतं, आणि बारा म्हणजे उशीर."

"याला आधार काय?"

"आधार तुमच्याकडे असतात. माझ्याकडे अंदाज."

ताई, तुमच्या त्या अंदाजांवर मी किती जगलो हे मी तुम्हाला कधी सांगितले नाही. गेल्या दिवाळीच्या दुसऱ्या दिवशीचे ग्रहण आठवते का? अख्खी सोसायटी दारे-खिडक्या लावून बसली होती आणि तुम्ही मुलांना घेऊन गच्चीवर. तुमच्या हातात तुमच्याच गुडघ्याचा एक्स-रे होता. "या रे, माझ्या गुडघ्यातून सूर्य बघा." मी धावत वर आलो आणि म्हणालो की एक्स-रेची फिल्म डोळ्यांना पुरेशी नाही, असे छापून आले आहे. खालून कोणी ओरडले, "वत्सला जी, बच्चों को अंदर कीजिए!" तुम्ही कठड्यावरून वाकून म्हणालात, "अंदर तो रोज़ ही रहते हैं." आणि मग माझ्याकडे वळून, "पुरेसं नाही ना? मग काय पुरेसं आहे ते तुम्हीच दाखवा."

मी पुठ्ठ्याला सुईने भोक पाडले. गच्चीच्या फरशीवर सूर्याची बारीक कोर पडली आणि मुले तिच्याभोवती ओणवी झाली. तिथे मी मुलांशी पहिल्यांदा सलग बोललो. काय बोललो ते आठवत नाही. तुम्ही टाकीच्या सावलीत बसला होतात आणि मध्ये एकदाही बोलला नाहीत. तुमच्या बाबतीत हे ग्रहणाहून दुर्मीळ होते. त्या वेळी तुम्हाला धाप लागली होती म्हणून तुम्ही बसलात, हे मला आता कळते. तेव्हा मला वाटले की तुम्ही मला ऐकत आहात. बहुधा दोन्ही खरे असेल. माझ्यासाठी ते दोन्ही खरे असू दे.

नदीपलीकडच्या इस्पितळात मी आलो होतो. तुम्हाला कोणी सांगितले नसेल. अतिदक्षता विभागाच्या दारावरच्या माणसाने विचारले, "आप इनके क्या लगते हैं?" मी उभा राहिलो. शेजारी म्हणावे तर शेजारी तिथे सोडत नव्हते. भाऊ म्हणावे तर ते खोटे होते, आणि खोटे बोलायची वेळ आली की माझी जीभ टाळूला चिकटते. मागच्या बाईने आत जायला वाट मागितली आणि मी बाजूला झालो. तुम्ही असतात तर त्या माणसाला त्याच्या गावाचे नाव विचारून, त्याच्या मुलांच्या जन्मतारखा विचारून, पाच मिनिटांत आत गेला असतात. यमुनेकाठच्या स्मशानात तुमच्या मुलाने मला नमस्कार केला. तो बंगळूरहून आला होता, फार दमलेला दिसत होता. त्याने विचारले, "आपण?" मी म्हणालो, "मी तारखा आणायचो." त्याने मान डोलावली. त्याला काही कळले नसणार. माझी तुमच्याशी असलेली ओळख मला याहून नेमकी सांगता आली नसती.

आणि आज सकाळी.

केतकी स्टुलावर बसली. तिचे पाय आता जमिनीवर टेकतात. तिने नवा निळा फ्रॉक घातला होता. पहिल्या तीन गोष्टी मी चिठ्ठीवरून वाचल्या. मुलांना त्या पाठ होत्या. खळीपर्यंत आलो तेव्हा केतकीच माझ्या पुढे बोलत होती. मला वाटले, इथेच थांबावे. तुम्ही नाही, तुमचा शब्दही तुमच्याबरोबर गेला असे समजावे. कोणीही मला दोष दिला नसता.

"आणि चौथी?" केतकी म्हणाली. "ताई म्हणाल्या होत्या, अकराची झाले की."

आकडा शेवटी सांगायचा, आधी माणूस सांगायचा, ही तुमची रीत. भोपाळविषयी मी शनिवारभर वाचले होते. माझ्याकडे सर्व होते आणि माणूस एकही नव्हता. मी कसाबसा सुरू झालो की थंडीची रात्र होती आणि लोक झोपले होते.

"दरवाजे बंद नव्हते केले?" निनाद म्हणाला.

"केले होते. वायू फटीतून आत येतो."

"मग भागायचं ना."

"धावले. पुष्कळ लोक धावले. पण वायू कुठून येतो आहे आणि कुठे पळायचं, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं."

"का नाही सांगितलं?"

याचे उत्तर मी दिले, शक्य तितके सोपे आणि खरे. खूप माणसे मेली असे सांगितले, आणि जे वाचले त्यांतले कित्येक अजून आजारी आहेत असेही सांगितले. आकडा वगळला, ताई. माणसे वगळली नाहीत. एवढे तरी मला जमले असे मी समजत होतो.

केतकीने विचारले, "हे मी जन्मले त्याच दिवशी?"

"त्याच रात्री. तू पहाटे, इथे दिल्लीत."

"तिथे पण त्या दिवशी कोणी जन्मलं असेल?"

मी हे कुठे वाचले नव्हते, ताडून पाहिले नव्हते. आधार नसताना मुलांना एकही गोष्ट सांगायची नाही, हा माझा एकुलता एक नियम. मी म्हणालो, "असेल."

"मग त्याला त्याची तारीख कोण देतं?"

मी खडू हातात घेऊन उभा राहिलो. इस्पितळाच्या दारात उभा राहिलो होतो, तसाच. मुले वाट पाहत होती. मीटरांची घरघर ऐकू येत होती.

दारातून केतकीची आई आत आली. मुलांसाठी लाडूंचा डबा घेऊन ती आली होती, आणि केव्हापासून उभी होती ते मला दिसले नव्हते.

"काका, आजच सांगायचं होतं का हे? आज वाढदिवस आहे तिचा."

मी म्हणालो, "वत्सलाताईंनी तिला..."

"ताईंचं वेगळं होतं. त्या सांगायच्या आणि मुलं हसत घरी यायची. तुम्ही समजूतदार आहात, तुम्ही तरी." तिने वाक्य पुरे केले नाही. चिडून बोलली नाही. तसे बोलली असती तर बरे झाले असते. "संध्याकाळी घरी लोक येणार आहेत, आणि ही आता दिवसभर हेच विचारत बसणार."

"मम्मा, मीच विचारलं," केतकी म्हणाली.

"चल आता."

केतकीची आई बोलली ते सर्व माझेच मुद्दे होते. दुधाच्या बूथवर, जिन्यात, बसथांब्यावर मी तुमच्यापुढे मांडलेले, त्याच क्रमाने. त्यांना उत्तर द्यायला मी तोंड उघडले तेव्हा लक्षात आले की उत्तरे तुमच्याकडे होती आणि ती मी कधी लक्ष देऊन ऐकलीच नाहीत, कारण त्या वेळी मी माझा पुढचा मुद्दा जुळवत असे. मी तिला म्हणालो, "तुमचं बरोबर आहे." आणि हे म्हणताना मला कळत होते की माझे तसे मत आता उरलेले नाही. ते केव्हा बदलले ते मला सांगता येणार नाही. केतकीने तो प्रश्न विचारला तेव्हा असेल. तुमचे मत मला पटले आणि ते सांगायला मी तोंड वळवले तर समोर तुम्ही नाही, तिची आई.

डबा टेबल-टेनिसच्या टेबलावर तसाच राहिला. मुलांनी एकेक लाडू घेतला आणि ती पांगली. पुढच्या रविवारी कोण येईल हे मला ठाऊक नाही. केतकीला पाठवतील असे वाटत नाही. ती आली नाही तर निनाद येणार नाही, आणि मग ही खोली मागणारे दुसरे लोक तयारच आहेत. तुम्ही इतक्या वर्षांत जे जमवलेत ते मी एका सकाळीत घालवले की काय, या विचाराने मला दुपारी जेवता आले नाही. तुम्ही याला हसला असतात. मला तुमचे ते हसणे हवे आहे.

आता संध्याकाळ झाली आहे. माझ्या डोक्यावर केतकीच्या घरात माणसे जमली आहेत. खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत आहेत, कोणी तरी टेप लावली आहे. दुपारी जिन्यात केतकी भेटली. आईने काही म्हणायच्या आत ती घाईघाईने म्हणाली, "काका, तुम्ही पण या." तिची आई नको म्हणाली नाही. मी इस्त्रीचा सदरा घालून बसलो आहे आणि मला उठवत नाही. मला वर गेलेच पाहिजे. आज तिचा वाढदिवस आहे, आणि सकाळपासून एवढे बोलून तिला साध्या शुभेच्छा द्यायच्या माझ्याकडून राहून गेल्या. दार तीच उघडेल. उघडल्या उघडल्या तोच प्रश्न विचारेल, मी तिला ओळखतो. त्या भोपाळच्या मुलाला त्याची तारीख कोण देतं.

तुम्ही तिला काय म्हणाला असतात, तेवढे एक मला सांगा, ताई. आधार नसला तरी चालेल.